माहलन काइमनं चढवलेला बोजा

वॉलनट रनच्या पंचक्रोशीत माहलन काइम नावाची तीन माणसं होती. एक घोड्यांना नाल ठोकायचा, एक मधमाश्या पाळायचा, आणि तिसरा हा. ओहायोतल्या या आमिश लोकांत, म्हणजे मोटार-वीज न वापरणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांत, नावं मोजकी आणि माणसं उदंड, त्यामुळे प्रत्येकाला काही ना काही टोपणनाव चिकटतंच. याला सगळे ‘किटली माहलन’ म्हणायचे. तांबडा चेहरा, आखूड मान, आणि राग आला की आता कानांतून वाफ निघणार असं बघणाऱ्याला वाटायचं. बरं, असा माणूस जन्माला यावा कुठे? तर जिथे राग हे पाप, आवाज चढवणं हे पाप, आणि एका गालावर बसली तर दुसरा पुढे करायचा, अशा लोकांत. देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

पण हातात छिन्नी आली की हाच माणूस शांत व्हायचा. ओकच्या जाडजूड तुळया, खांबांत कोरलेली खाच, त्यात बसणारं तुळईचं तासलेलं टोक, म्हणजे कूस, आणि वरून ठोकलेली लाकडी खुंटी, बस्स. खिळा औषधालाही नाही. माहलननं उभी केलेली कोठारं तीन तालुक्यांत होती आणि एकही वाऱ्यानं हललं नव्हतं. कागदावर करार त्यानं जन्मात केला नव्हता. सांगाडा उभा राहिला की अर्धे पैसे, शेवटची खुंटी बसली की उरलेले, आणि मध्ये फक्त एक हस्तांदोलन. वडिलांचा धंदा असाच चालला होता, आजोबांचाही.

क्रेग डनलेव्ही कोलंबसहून आला तोही हात पुढे करूनच. हल्ली शहरातल्या लोकांना कोठारात लग्नं लावायची हौस आली आहे. ज्यांच्या सात पिढ्यांनी गाय पाहिली नाही त्यांना गवताच्या वासात वरमाला हव्यात. डनलेव्हीनं टेकडीवर जमीन घेतली आणि माहलनला सांगितलं, “मला असं कोठार हवं, की नवरीच्या आईनं आत पाऊल टाकताच रडायला हवं.” माहलननं आपल्या माणसांसह वसंतात काम धरलं आणि मक्याला कणसं येईतो पुरं केलं. कोठार देखणं झालं, अगदी दृष्ट लागावी असं.

शेवटची खुंटी बसली आणि डनलेव्हीची पावलं दिसेनाशी झाली. आधी तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मग म्हणाला, जमीन समपातळीत नाही वाटत. माहलननं त्याच्यासमोर पाणसळ लावून दाखवली, बुडबुडा मधोमध. मग एक दिवस डनलेव्हीनं खरं काय ते सांगून टाकलं, तेही हसत हसत.

“हे बघ माहलन, अर्धे दिलेत ना? तेवढ्यात समाधान मान. नाहीतर जा कोर्टात.” मग जरा थांबून म्हणाला, “अरे हो, तुम्ही लोक कोर्टात जात नाही, नाही का? विसरलोच.”

विसरला वगैरे काही नव्हता. आमिश माणसाला काम देण्याआधीच त्यानं हा हिशेब करून ठेवला होता. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं मराठी माणूस नुसतं म्हणतो, हे लोक ते पाळतात. कुणावर दावा लावला की मंडळीतून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, बाहेर. माहलनच्या मुठी वळल्या. त्या सोडवायला त्याला काहीतरी करणं भागच होतं, म्हणून त्यानं हॅट काढली, परत घातली, आणि चालू लागला.

पैसे एकट्या त्याचे असते तर तो मूग गिळून बसलाही असता. पण त्या कोठारातला ओक लव्हिना रेबरच्या सॉ मिलमधून आला होता, आणि तो उधारीवर आला होता, माहलनच्या शब्दावर. लव्हिनाचा नवरा दोन वर्षांपूर्वी ओंडक्याखाली सापडून गेला. तेव्हापासून ती आणि तिच्या दोन सुना मिल चालवत होत्या. एवढा ओक घ्यायला तिनं बँकेचं कर्ज काढलं होतं. आता नवे ओंडके घ्यायला पैसे नव्हते, त्यामुळे लाकूड चिरणारा आरा फिरवायचं डिझेलचं इंजिन बंद ठेवलं होतं, आणि बँक ऐकायला तयार नव्हती.

माहलन तिला सांगायला गेला तेव्हा ती अंगणात वाटाणे सोलत होती.

“म्हणजे मिळणार नाहीत,” ती म्हणाली.

“मी असं म्हटलं नाही.”

“तुझा चेहराच सांगतोय. बस. हे सोल, हातांना काम असलं की बरं असतं.” दोघं सोलत बसली. मग तिनं सांगितलं, की ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी मिलचा लिलाव ठेवलाय. लिलाववाला येऊन आरा मोजून गेला.

“मंडळीच्या मदतनिधीतून…” माहलननं सुरुवात केली.

“तो आजाऱ्यांसाठी असतो. मी आजारी नाही. माझं लाकूड एका माणसानं नेलंय आणि पैसे दिले नाहीत, याला दुखणं म्हणत नाहीत.” तिनं टरफलं कोंबड्यांपुढे टाकली. “तुला मी दोष देत नाही, माहलन.”

दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यानं माहलनची झोप गेली.

मंडळीची शिस्त बघणारा डीकन लीव्हाय अर्ब नियमाचा पक्का. त्यानं सांगितलं, पुस्तकात, म्हणजे बायबलात, लिहिलंय तसं कर. भावानं अन्याय केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला समजाव. नाही ऐकलं तर दोन साक्षीदार घेऊन जा. माहलन म्हणाला, “तो आपला भाऊ नाही, तो कोलंबसचा आहे.” डीकन म्हणाला, “पुस्तकात कोलंबसला सूट नाही.”

तेव्हा माहलन एकटा गेला. डनलेव्ही भेटला नाही. परत गेला, भेटला, पण फोनवर बोलत होता. मग दोन साक्षीदार जमवायचे, तर एकाच्या घरी तंबाखूची कापणी, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न. आमिश लग्नाला नुसती तयारीच महिनाभर चालते. असं करता करता कणसं वाळली, कापली गेली, आणि एका गुरुवारी तिघे काळ्या हॅटवाले पेग ओराव्हेकच्या व्हॅनमधून टेकडीवर गेले. डनलेव्हीनं त्यांना थंड चहा पाजला, कोठार किती सुंदर झालंय ते पुन्हा सांगितलं, आणि दारापर्यंत पोचवायला आला. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच.

पेग म्हणजे या भागातली आमिशांची गाडी. स्वतः इंग्लिश, म्हणजे इथल्या बोलीत आमिश नसलेली. आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर या लोकांना दवाखान्यात, लग्नांना, मयतांना पोचवू लागली. व्हॅन तिची असल्यामुळे बोलायचं कुणी हे ठरलेलं होतं. पण त्या दिवशी दोन्ही साक्षीदारांना घरी सोडेपर्यंत ती गप्प राहिली, आणि तेवढ्यानंच माहलन घाबरला.

“झालं तुमचं पुस्तकातलं?” तिनं शेवटी विचारलं.

“झालं.”

“मग आता माझं ऐक. बोजा का नाही चढवत त्याच्या जमिनीवर?”

“कसला बोजा?”

पेगनं गाडी कडेला घेतली. “देवा रे! एवढी वर्षं कोठारं बांधतोस आणि हे ठाऊक नाही? माझा आधीचा नवरा प्लंबर होता. माणूस टाकाऊ, पण हे एक त्याच्याकडून शिकले. ज्यानं जमिनीवर काम केलं आणि पैसे मिळाले नाहीत, त्यानं काउंटीच्या कचेरीत जाऊन लिहून द्यायचं, की या जमिनीवर माझं इतकं येणं आहे. ते दफ्तरात चढतं. मग मालकाला ती जमीन धड विकता येत नाही, धड गहाण टाकता येत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, माहलन.”

“आणि कोर्ट?”

“कोर्ट नंतर. हे नुसतं लिहून ठेवणं.”

“नुसतं लिहून,” माहलन स्वतःशीच म्हणाला.

“पण अडीच महिन्यांची मुदत असते,” पेग म्हणाली. “शेवटची खुंटी कधी ठोकलीस?”

माहलननं सांगितलं. पेगनं बोटांवर मोजलं आणि स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. मुदत उद्या संपत होती. दोन साक्षीदारांनी आणि एका लग्नानं ती जवळजवळ खाऊन टाकली होती.

बिशप एडन श्लाबाख त्या संध्याकाळी गोठ्यात घोड्याचा साज दुरुस्त करत होता. डीकन लीव्हाय तिथेच होता, अडचणीच्या वेळी तो नेहमी तिथेच असायचा. माहलननं सगळं सांगितलं. आवाज दोनदा चढला, दोनदा त्यानं गिळला.

“ही कोर्टाची पहिली पायरी आहे,” लीव्हाय म्हणाला. “आज लिहून ठेवलंस, उद्या वकील येईल.”

“वकील येणार नाही.”

“मग लिहून उपयोग काय? जो कुत्रा चावणार नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्याला बांधून काय करायचं?”

प्रश्न बरोबर होता. पेगनं येताना सांगितलंच होतं, की मालकाच्या वकिलानं ‘दावा लावा, नाहीतर बोजा उतरेल’ अशी नोटीस दिली की दोन महिन्यांत बोजा आपोआप मरतो. माहलननं तेही लपवलं नाही. मग म्हणाला, “बिशप, मला त्याला मारायचं नाही. त्याचं काही हिसकावायचंही नाही. मला फक्त त्याच्या दारात बसायचंय. तो येता-जाता मला बघेल. तेवढीही मनाई आहे का?”

येणेकऱ्यानं देणेकऱ्याच्या उंबऱ्यात बसून राहायचं, याला आपल्याकडे धरणं म्हणतात. ओहायोतल्या बिशपला तो शब्द माहीत असायचं कारण नव्हतं, पण गोष्ट त्याला लगेच कळली. त्यानं चामड्यातून दाभण ओढून काढला.

“बसायला मनाई नाही,” तो म्हणाला. “आपण लोक बसण्यातच तर तरबेज आहोत. तीन तासांचं प्रवचन बिनपाठीच्या बाकावर ऐकतो. पण तीन गोष्टी ऐक. दावा नाही, काहीही झालं तरी. हक्काच्या पैशावर एक सेंट जास्त नाही. आणि बोलताना आवाज चढवायचा नाही.”

“पहिल्या दोन जमतील,” माहलन म्हणाला. लीव्हायसुद्धा हसला.

दुसऱ्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या जरा आधी माहलन आणि पेग काउंटरपुढे उभे होते. पेगनं सकाळी धावपळ करून कागद तयार करून आणला होता, आता फक्त सही व्हायची होती. तर माहलननं आकड्यावर बोट ठेवलं.

“हे चुकलंय. मागचं लहान दार मी बसवलं नाही. बिजागऱ्या आल्याच नव्हत्या. ते वजा कर.”

“अरे, त्यानं तुझे एवढे बुडवलेत आणि तू दाराचे कसले कापतोस!”

“आणि छपराला आधार देणारी उत्तरेकडची एक कैची जरा तिरकी गेलीय. कुणाला दिसत नाही. पण गेलीय.”

“माहलन काइम, घड्याळाकडे बघ!”

त्यानं बघितलं, आणि तरी शांतपणे खिशातली सुताराची पेन्सिल काढून वजाबाकी केली. पेग म्हणते, तिच्या एका बाजूचे केस त्या दिवशी पांढरे झाले. हे असं खूळ या लोकांशिवाय दुसरं कुणी करूच शकणार नाही.

मग शिक्का मारणारी बाई म्हणाली, “हे सगळं खरं आहे, अशी शपथ घेता?”

“नाही.”

“म्हणजे खोटं आहे?”

“खरं आहे.”

“मग घ्या की शपथ.”

“माझा शब्द रोजचाच खरा असतो. शपथ घेतली तर एरवीचा खोटा ठरेल.”

बाई हसली. काउंटीत आयुष्य काढलेली होती, घाईत विसरली इतकंच. तिनं ‘शपथेवर’ खोडून ‘खात्रीपूर्वक’ लिहिलं, कायद्याला ते चालतं. माहलननं सही केली, शिक्का पडला, आणि त्यांच्या पाठीमागे कचेरीचं दार बंद झालं.

डनलेव्हीला प्रत पोचली तेव्हा तो नक्की काय म्हणाला ते छापण्यासारखं नाही. चार दिवसांत त्याच्या वकिलाची नोटीस आली. पेगनं सांगितलं होतं तशीच, दावा लावा नाहीतर बोजा मरेल. माहलननं ती वाचली, घडी घालून चुलीवरच्या फळीवर ठेवली, आणि गाईंचं दूध काढायला गेला.

“आता?” बायकोनं विचारलं.

“आता बसायचं,” माहलन म्हणाला.

पण ते सोपं नव्हतं. रविवारच्या प्रार्थनेला लव्हिना समोरच्या बाकावर दिसायची. लिलावाचे कागद चाऱ्याच्या दुकानात लागले होते. एकदा त्यानं भर दुपारी रिकाम्या गवताच्या माळ्यावर जाऊन एवढ्या मोठ्यानं ओरडून घेतलं, की शेजारचा पळत आला. माळ्यावर ओरडायला बिशपनं मनाई केली नव्हती.

मग लिलावाच्या आधीच्या आठवड्यात डनलेव्हीची चकचकीत गाडी अंगणात आली. माहलन कुंपणाचे खांब तासत होता. डनलेव्ही या वेळी हसत नव्हता.

“उरलेल्यातले साठ टक्के देतो. आत्ता. तो कागद मागे घे.”

माहलन खांब तासत राहिला.

“सत्तर. अरे, दोन महिन्यांत तो बोजा तसाही उतरणार आहे! तू दावा लावणार नाहीस, मला माहीत आहे.”

“नाही लावणार,” माहलन म्हणाला.

“मग?”

“मग तू थांब की दोन महिने. मीही थांबतो.”

तिथे डनलेव्हीचा बांध फुटला. कोठार त्यानं क्लीव्हलंडच्या एका हॉटेलवाल्या जोडप्याला विकायला काढलं होतं, आणि खरेदीखत याच शुक्रवारी होतं. दफ्तर तपासताना बोजा निघाला. ते म्हणाले, स्वच्छ जमीन द्या, नाहीतर आमची दुसरी जागा बघून ठेवलेली आहे. वकील म्हणाला, दुप्पट रकमेची हमी कोर्टात ठेवून बोजा उतरवता येईल, पण बहुतेक पैसे जमिनीत घातलेल्या डनलेव्हीकडे दुप्पट येणार कुठून? दोन महिने त्याच्याकडे नव्हते. या माणसाकडे मात्र दोन महिने काय, दोन पिढ्या होत्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातली गत.

“तू मागचं दार बसवलंच नाहीस!” डनलेव्ही शेवटचा पत्ता टाकल्यासारखा ओरडला. “माझा वकील म्हणतो, आकडा फुगवलेला निघाला तर सगळा बोजाच उडवता येतो!”

“दार वजा केलंय,” माहलन म्हणाला. “उत्तरेची कैचीही.”

“कुठली कैची?”

“तुला दिसली नाही ना? मग चांगली बसलीय म्हणायची.”

डनलेव्हीनं गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले. “पूर्ण देतो,” तो म्हणाला. “वर हजार देतो. फक्त आज सही कर.”

“हजार नकोत. पूर्ण आण, बँकेचा चेक. आणि इथे नको आणू. रेबरच्या सॉ मिलवर आण.” माहलनच्या लक्षात आलं, की इतका वेळ झाला आणि आपला आवाज एकदाही चढला नाही. मुद्दाम काही केलंच नव्हतं. रागच आला नव्हता. डनलेव्हीला बघून त्याला चक्क मजा येत होती, आणि ते पाप आहे की नाही हे त्यानं बिशपला आजतागायत विचारलेलं नाही.

दुपारी डनलेव्ही सॉ मिलवर आला. तिथे लव्हिना होती, तिच्या सुना होत्या, पेग व्हॅनला टेकून उभी होती, आणि डीकन लीव्हाय ‘इथूनच चाललो होतो’ म्हणून आला होता, जरी ती वाट कुठेच जात नाही. माहलननं चेक नीट वाचला. पाठीमागे सही केली आणि तो तसाच लव्हिनाच्या हातात दिला. मग पेगनं आणलेल्या कागदावर सही करून बोजा उतरवला.

“ही कोण?” डनलेव्हीनं विचारलं.

“जिच्या ओकखाली तू लोकांची लग्नं लावणार होतास, ती,” माहलन म्हणाला.

लव्हिनानं चेक दोनदा बघितला. तिचा हात तोंडावर गेला, आणि मग ती मोठ्यानं, अगदी मोकळेपणी हसली. वॉलनट रनमध्ये नवरा गेल्यापासून ते हसू कुणी ऐकलं नव्हतं.

“पुढच्या कोठाराला किती तुळया लागतील?” तिनं त्याला विचारलं.

“चाळीसेक.”

“आणि पैसे?”

“माझ्या शब्दावर.”

“चालेल,” लव्हिना म्हणाली.

“लिलाववाल्याला मी कळवतो,” लीव्हाय म्हणाला. आणि त्याच दमात, पेगकडे न बघता, “ती कचेरी सकाळी किती वाजता उघडते? माझ्या भावानं मिलर्सबर्गला एकाचं छप्पर घातलंय…”

डनलेव्ही गाडीपाशी उभा राहून अजून काही सांगत होता. तुम्ही लोक साधे नाही, तुम्ही लोक आतल्या गाठीचे, असं काहीसं. लव्हिनानं मागे वळून सुनेला हात केला. इंजिन खोकलं, धडधडलं, पट्टा ताणला गेला, आरा फिरायला लागला, आणि त्याचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही.